एका दिवसाच्या पाहुण्यांचा किनारा

यंदाच्या अंकाचा विषय ‘घडवलेली गावे’. संपादकांनी माझ्या वाट्याला समुद्रकाठ दिला. सुट्टीसाठी म्हणून मुद्दाम वसवलेले, आधी नकाशा काढून मग उभारलेले किनाऱ्यावरचे गाव जाऊन पाहा आणि त्यावर लिहा, एवढेच त्यांचे सांगणे होते. गडहिंग्लजहून पहाटे निघून रात्री घरी पोचता येईल अशा टप्प्यात माझ्या डोळ्यांसमोर पहिले आले ते शिरोड्याचे वेळागर. वेंगुर्ले तालुक्यातल्या या किनाऱ्यावरची जमीन सरकारने १९९० च्या दशकात पर्यटनासाठी संपादित केली. ताज समूहाचे मोठे पर्यटन केंद्र तिथे व्हायचे होते. जमीन गेलेल्यांचा विरोध, मोबदल्याचे आणि हद्दीचे वाद, कोर्टकज्जे यांत एक अख्खी पिढी गेली. अलीकडे तिथली सुमारे ५४ हेक्टर जमीन ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचा निर्णय झाला, प्रकल्प पुन्हा हलला आणि त्याच्याबरोबर विरोधही पुन्हा उभा राहिला.

म्हणजे मी निघाले होते ते अजून न झालेले गाव पाहायला. पण वेळागरचा किनारा रिकामा नाही. रविवारी सकाळी सुरूच्या बनाशी उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत गेले, तर एमएच ०९, एमएच १०, केए २२, केए २३. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, चिक्कोडी. घाटमाथ्यावरची माणसे सकाळी येतात, समुद्रात भिजतात, मासे खातात आणि दिवस कलताना परत फिरतात. हॉटेलच्या खोलीचा हिशेब करून काढलेल्या कुठल्याही नकाशात या माणसांची मोजदाद नसते, कारण ती रात्री राहत नाहीत. मला लिहायचे आहे ते त्यांच्याबद्दल आणि त्यांना सांभाळून घेणाऱ्या गावाबद्दल.

मीठ वर, मिरची खाली

मार्च सुरू झाला होता. हिरण्यकेशीकाठच्या एका गावातल्या बचत गटाच्या बायकांनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली होती आणि त्यांनी मला त्यात जागा दिली. भाकरीची गाठोडी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा आणि मागच्या सीटखाली गोड्या पाण्याचे मोठे कॅन. पाणी कशाला, असे विचारल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, “खारं पाणी अंगावर घेऊन तीन तास बसायचं व्हय परत येताना?” गटातल्या काही जणी आधी आल्या होत्या, त्यांचा हा अनुभव. सगळ्यांत थोरली आक्का साठी ओलांडलेली, समुद्र पहिल्यांदा पाहणारी. आजरा सुटल्यावर तिने खिडकीतून बाहेर बघत विचारले, “समुद्राला काठ एकाच अंगाला असतोय न्हवं?” गाडीतल्या कोणालाही हसू आले नाही. नदीकाठी जन्म काढलेल्या माणसाचा हा अगदी नीट विचारलेला प्रश्न होता.

आमची नदी आंबोलीत उगम पावते. तिथल्या कड्यावरून स्वच्छ दिवशी समुद्राची रेघ दिसते, तरी हिरण्यकेशी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला येते, आजरा-गडहिंग्लजची शेती भिजवते, पुढे घटप्रभेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. माणसांची आणि मालाची ये-जा मात्र पश्चिमेकडेच राहिली. वेंगुर्ले हे जुने बंदर. तिथे उतरलेला माल घाट चढून बेळगावच्या छावणीकडे जाई, आणि त्याच वाटेवर इंग्रज अधिकाऱ्यांनी आंबोली हे थंड हवेचे ठिकाण वसवले. वर यायचे ते मीठ, नारळ, सुके मासे. खाली जायचे ते धान्य, गूळ, मिरची. गडहिंग्लजचा मिरची बाजार आजही या साऱ्या मुलखात नावाजलेला आहे, आणि मालवणी मसाल्यात बेडगीबरोबर संकेश्वरी मिरची लागते. शिरोड्याच्या थाळीतल्या सुरमईच्या रश्श्याचा रंग आमच्याकडच्या काळ्या रानातून गेलेला असतो.

संकेश्वर-बांदा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाल्यापासून हे अंतर फार जवळ आले आहे. गडहिंग्लज ते शिरोडा शंभर-सव्वाशे किलोमीटर. आंबोली घाटात गाडी हळू चालवावी लागते. दाणोलीला घाट संपतो, सावंतवाडी येते आणि मग मळेवाड-आजगावच्या बाजूने काजूच्या बागा, जांभ्या दगडाचे गडगे, मोहोराचा वास. सकाळचा नाश्ता आंबोलीत आणि समुद्र दहाच्या आत. पूर्वी लग्नानंतर देवदर्शनाला किंवा शाळेच्या सहलीत एखादाच समुद्र वाट्याला यायचा. आता बायका आपापसांत पैसे काढून एका रविवारात जाऊन येतात. रस्ता रुंद झाल्याने काय बदलले असे कोणी विचारले, तर मी हे सांगेन.

आधी नकाशा, मग गाव

मुद्दाम घडवलेली किनाऱ्यावरची गावे जगात कशी उभी राहिली, हे थोडे सांगायला हवे. त्याशिवाय वेळागरला काय व्हायचे होते ते कळत नाही.

फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना कायद्याने पगारी सुट्टी मिळाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत लाखो कुटुंबे उन्हाळ्यात समुद्राकडे निघू लागली. दक्षिणेचा लाँगदॉकचा किनारा दलदलीचा, डासांचा. माणसे तो ओलांडून थेट स्पेनला जात. १९६३ मध्ये सरकारने एक खास यंत्रणा नेमली. जमिनीचे भाव चढू नयेत म्हणून सरकारने आधी गाजावाजा न करता मोठाली क्षेत्रे विकत घेतली, डासांचा बंदोबस्त केला, रस्ते आखले, झाडे लावली आणि मग इमारतींना हात घातला. ला ग्राँद मोत हे त्यातले सर्वांत गाजलेले गाव. ज्याँ बालादूर या वास्तुरचनाकाराने तिथल्या इमारतींना पिरॅमिडसारखा उतरता आकार दिला. मेक्सिकोतली प्राचीन मंदिरे त्याने पाहिली होती. सुरुवातीला या काँक्रीटच्या गावाची पुष्कळ निंदा झाली. २०१० मध्ये फ्रान्स सरकारने त्याला विसाव्या शतकाचा वारसा म्हणून मान दिला. मला त्यातली मोलाची वाटते ती गोष्ट वेगळी. दोन गावांच्या मध्ये मोकळी जागा राखली, तंबू टाकून राहणाऱ्यांसाठीही जागा आखली, आणि किनारा सर्वांचा राहिला. ज्या कामगाराला नुकतीच सुट्टी मिळाली होती, त्याला मनात धरून तो आराखडा झाला होता.

मेक्सिकोतले कानकून दुसऱ्या वाटेने गेले. तिथल्या मध्यवर्ती बँकेने परदेशी चलन मिळवण्यासाठी जागा शोधली, १९७० मध्ये काम सुरू झाले आणि १९७४ मध्ये पहिली हॉटेले उघडली. सरोवर आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर हॉटेले, आतल्या बाजूला कामगारांचे गाव, आणि विमानतळ. कामगारांचे गाव आखलेल्या हद्दीबाहेर कितीतरी वाढले. हॉटेले वाळूच्या टेकड्यांवर उभी राहिल्याने १९८८ आणि २००५ च्या चक्रीवादळांत किनाऱ्याची वाळू वाहून गेली, आणि समुद्रतळाची वाळू उपसून किनारा पुन्हा भरावा लागला. कायद्याने तिथलाही किनारा सर्वांचा आहे. पण हॉटेलांच्या सलग रांगेमागून तिथे पोचायचे कसे, हा गावकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे राहिला.

आपल्याकडे १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याआधीच वेळागरची जमीन घेतली गेली होती. शेजारच्या गोव्याचे उदाहरण सगळ्यांच्या समोर होते: आग्वादच्या किल्ल्याला लागून १९७४ मध्ये ताजचे हॉटेल उभे राहिले, १९८३ मध्ये राष्ट्रकुलाच्या नेत्यांची विश्रांतीची बैठक गोव्यात झाली आणि कांदोळी-कळंगुटच्या मच्छीमार वस्त्यांचे रूप पालटले. तेरेखोलची खाडी शिरोड्याहून जवळच. वेळागरच्या माणसाने गोव्यातला पगारही पाहिला आहे आणि गोव्यातली गर्दीही. म्हणून तिथे कोणाशीही बोलताना एका वाक्यात ‘हवे’ किंवा ‘नको’ असे उत्तर येत नाही. ज्याचा मुलगा म्हापशाजवळ हॉटेलात काम करतो त्याला ते काम घराशेजारी हवे असते. त्याच माणसाला आपली माडांची बाग, विहीर आणि चिऱ्याचे घर संपादनातून वगळले जावे असेही वाटते. दोन्ही मागण्या रास्त आहेत. एवढ्या वर्षांत त्या दोन्हींची सांगड घालता आली नाही, याचे मला वाईट वाटते. दोन पिढ्या आपल्या जमिनीवर नवी खोली बांधावी की न बांधावी या विचारात अडकल्या.

रापणीचा दोर

आम्ही पोचलो तेव्हा किनाऱ्यावर रापण ओढायचे चालले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी एक टोक किनाऱ्यावर ठेवून समुद्रात जाते, अर्धवर्तुळ घालत जाळे सोडते आणि दुसरे टोक बऱ्याच लांब पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसे लागतात आणि मागे मागे सरकत ओढतात. जाळे जसे जवळ येते, तशी दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांकडे सरकतात. याला तास-दोन तास लागतात. मालकी एकाची नसते. होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा असा वाटा ठरलेला असतो, आणि ओढायला हात लावणाऱ्यालाही चार मासे मिळतात, ही जुनी रीत.

आमच्या बायका आधी लांबून बघत होत्या. मग ऊस बांधणारे, मोळ्या उचलणारे हात स्वस्थ राहिनात. चौघी-पाच जणी पदर खोचून दोराला लागल्या. पुढच्या म्हाताऱ्याने मागे वळून पाहिले आणि विचारले, “खयसून इलात?” गडहिंग्लज म्हटल्यावर तो म्हणाला, “मगे हात कडक आसत तुमचे.” आक्काला कोणी दोर धरू देईना, ती तरीही शेवटाला जाऊन धरून उभी राहिली. जाळे आले तेव्हा त्यात बरेचसे पेडवे होते, थोडे बांगडे, काही खेकडे. मासे बघून आमच्यातल्या शाकाहारी वहिनीही वाकून वाकून नावे विचारत होत्या.

जाळ्यात आता पूर्वीसारखे मिळत नाही, असे सगळेच सांगत होते. खोल समुद्रात यांत्रिक बोटी मोठ्या जाळ्यांनी मासळीचे थवेच्या थवे उचलतात, किनाऱ्याला यायला काही उरत नाही, हे पारंपरिक मच्छीमारांचे सिंधुदुर्गभरचे गाऱ्हाणे आहे. रापणीला आणखी एक गोष्ट लागते, तिचा उल्लेख क्वचितच होतो: लांबच लांब मोकळी वाळू. दोन टोके एकमेकांपासून दूर लावायची आणि माणसांनी मागे सरकायचे तर मध्ये कुंपण, बांधलेली पायरी, छत्र्यांची रांग चालत नाही. समुद्रकाठ हा पाहुण्यांसाठी देखावा असतो, रापणकरासाठी ते शेत आहे. एकाच वाळूवर दोघेही मावतात, हे त्या सकाळी डोळ्यांनी दिसत होते. अट एवढीच की वाळू मोकळी राहिली पाहिजे.

सुरूचे बन, त्याच्या पुढची वाळूची उंचवट्याची रांग आणि त्या उंचवट्यावर पसरलेली मर्यादवेल, हे सगळे मिळून किनारा धरून ठेवतात. वेलीची मुळे वाळू उडू देत नाहीत. पावसाळ्यात उधाण त्या उंचवट्याची थोडी वाळू घेऊन जाते आणि हिवाळ्यात शांत लाटा ती परत आणून टाकतात. ही देवघेव चालू राहायची तर उंचवटा जागेवर हवा. कानकूनला तो काढून टाकला गेला होता. वेंगुर्ले तालुक्यातच वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि गावकरी ती घरटी राखतात. त्यांनाही रात्रीचा अंधार आणि हा मऊ उंचवटा लागतो.

विहिरीतले पोहणे, समुद्रातले पोहणे

दुपारकडे किनारा भरला. निपाणीकडची कॉलेजची मुले आली, शर्ट काढून थेट पाण्यात. इथे मला काळजीने एक गोष्ट सांगायची आहे, कारण दर वर्षी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून घाटावरचा मुलगा बुडाल्याची बातमी येते, आणि वेळागरच्या पाण्यानेही माणसे घेतली आहेत.

आमची मुले विहिरीत आणि नदीत पोहायला शिकतात. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून काकाने विहिरीत टाकलेले असते. पोहणे चांगले येते, पण ते थांबलेल्या किंवा एकाच दिशेला वाहणाऱ्या पाण्यातले. समुद्राचे वागणे वेगळे. लाटा वाळूच्या पाण्याखालच्या आडव्या बांधावरून पाणी आत आणून टाकत राहतात. ते साठलेले पाणी परत जाताना, बांधाला जिथे खिंड पडलेली असते तिथून एकवटून, जोराने बाहेर निघते. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसाचेही पाय त्या ओढीने सुटतात. फसवे हे की त्या जागी लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना फेस आणि मधला पट्टा गडद, शांत. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. सापडलाच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचे नाही, दमछाक होते. तरंगत राहायचे, किनाऱ्याला समांतर आडवे पोहायचे, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडले की लाटाच आत आणून सोडतात. आणि दारू पिऊन पाण्यात उतरायचे नाही, हे तर कोणी सांगायची गरज नसावी, पण आहे.

रापणकरांना ही खिंड कुठे आहे ते रोज ठाऊक असते, ती सरकत राहत असली तरी. त्यांच्यातल्याच एकाने त्या मुलांना हाताने खूण करून दुसरीकडे वळवले. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची पगारी व्यवस्था उभी केली. तेरेखोल ओलांडून अलीकडे आले की ही जबाबदारी बहुतेक वेळा मासे ओढणाऱ्याच्या सद्भावनेवर येऊन पडते. त्या सद्भावनेला पगार, लाल-पिवळा झेंडा आणि शिट्टी मिळाली पाहिजे. स्थानिक मुलांना रोजगार द्यायचा तर याहून चांगला रोजगार मला सुचत नाही.

थाळी, न्हाणी आणि गोडे पाणी

जेवण आम्ही एका घराच्या पडवीत घेतले. पुढे पत्र्याचा मांडव, आत घरधनीण आणि तिच्या दोन जावा चुलीवर. सुरमईची थाळी, बांगड्याची थाळी, तिसऱ्यांचे सुके, सोलकढी. शाकाहारी वहिनींसाठी काळ्या वाटाण्याचे सांबार. आमची भाकरी-खर्डा आम्ही त्यांच्यासमोर ठेवला आणि घरधनीण खर्डा चाखून म्हणाली की मिरची ओळखीची आहे. ती सावंतवाडीच्या बाजारातून आणते, पण येते घाटावरूनच. दोन्ही बाजूंच्या बायकांत मग मिरच्या कुठून घ्याव्यात, देठ काढून की देठासकट, यावर बराच वेळ बोलणे झाले.

तारकर्ली-देवबागपासून शिरोड्यापर्यंत या किनाऱ्याचे पर्यटन उभे राहिले ते अशाच घरांतून. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेने त्याला नाव आणि थोडा आधार दिला. एक खोली पाहुण्यांना, मग दुसरी, मग बाहेर न्हाणीघर. कुठलाही आराखडा नसताना, घरा-घराने, बायकांच्या कष्टावर हे गाव घडले. नकाशावरचे गाव थांबले होते त्याच वर्षांत हे दुसरे गाव मुकाट्याने वाढत होते.

पण त्याच्या मर्यादाही तिथेच दिसतात. शंभर-दोनशे माणसे आली आणि शौचालये मोजकी. ओल्या साडीने बायका बनाच्या आडोशाला कपडे बदलतात. एकीने चादर धरायची, दुसरीने बदलायचे. अंग धुवायला घरोघरी बादलीमागे पैसे घेतात, आणि ते घेणे योग्यच आहे, कारण ते पाणी फुकटचे नाही. किनाऱ्यावरच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. माडाच्या बागेतली उथळ विहीर त्या थरातून पाणी देते. बेताने उपसले तर बारमाही पुरते. पंप लावून उपसा वाढवला की थर पातळ होतो, खालून खारे वर येते, आणि एकदा विहीर मचूळ झाली की माडही सुकू लागतात. मार्चमध्येच घरधनीण पाणी जपून वापरत होती. शेकडो खोल्यांच्या, पोहण्याच्या तलावांच्या वसाहतीचे पाणी कुठून येणार, हा प्रश्न वेळागरच्या लोकांनी पहिल्यापासून विचारला आहे, तो या विहिरींकडे बघून. ते पाणी बाहेरून, धरणातून नळाने आणायचे असेल तर त्याच नळाचे एक तोंड किनाऱ्यावरच्या न्हाणीघरांना आणि गावालाही मिळावे, ही मागणी मोठी नाही.

किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना यात आडवी येत नाही. भरतीरेषेपासून दहा मीटर सोडून तात्पुरती स्वच्छतागृहे, कपडे बदलायच्या खोल्या, अंघोळीची सोय, पिण्याचे पाणी, बसायची जागा करता येते, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. कायदा जागा देतो. खर्च कोणी करायचा आणि देखभाल कोणी, एवढेच ठरायचे बाकी आहे.

मिठागराच्या कडेने

परतताना आम्ही मिठागराशी थांबलो. भरतीचे पाणी खाडीतून आत घेतात, उथळ वाफ्यांत फिरवतात. एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना उन्हाने ते घट्ट होत जाते आणि शेवटच्या वाफ्यात खडे धरतात. लाकडी फावड्याने ओढून त्यांचे ढीग घालतात. आता थोडीच मिठागरे चालू आहेत. १९३० च्या मे महिन्यात इथेच मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथवर आली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेली. त्याच काळात वि. स. खांडेकर इथल्या शाळेत मास्तर होते. १९२० मध्ये ते आले आणि १९३८ मध्ये घाट चढून कोल्हापूरला गेले. समुद्र जे देतो त्यावर हक्क कोणाचा, हा १९३० चा प्रश्न होता. आज मिठाबद्दल कोणी तो विचारत नाही, पण वाळूवर पाय ठेवण्याबद्दल तो विचारावा लागतो.

गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर तो विचारला गेला. तिथे हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादित करून दिली होती, आणि लोकांची समुद्राकडे जायची वाट खुली ठेवायची अट करारात होती. बांधकाम वाटेवर आले. माणसे कोर्टात गेली. २००९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की किनाऱ्याकडे जाणारी वाट ही जनतेची आहे, सरकार तिचे विश्वस्त आहे, आणि ते बांधकाम पाडा. त्यानंतर गोवा सरकारने कायद्यातच दुरुस्ती करून बांधकाम वाचवले. वेळागरच्या भाडेपट्ट्याचे कागद तयार करणाऱ्यांनी हा निकाल आणि त्यानंतरची दुरुस्ती, दोन्ही समोर ठेवावीत. वाट फक्त अटीत लिहून भागत नाही. नकाशावर तिची रुंदी, तिच्या दोन्ही टोकांचे सर्व्हे नंबर, गाड्या लावायची जागा, रापणीसाठी मोकळी सोडायची लांबी हे सगळे आखून गावाच्या ताब्यात दिले पाहिजे, आणि पहिली वीट बसायच्या आधी.

मोठे हॉटेल होऊ नये असे मी म्हणत नाही. मोपाचा आणि चिपीचा विमानतळ झाल्यावर या किनाऱ्यावर पैसेवाला पाहुणा येणारच, आणि शिरोड्याच्या मुलामुलींना चांगल्या नोकऱ्या मिळाल्या तर आनंदच आहे. पण ९० वर्षांच्या करारात ज्याचे नाव नाही, त्याची जागा पुढच्या ९० वर्षांत आपोआप तयार होत नाही. टेम्पो ट्रॅव्हलरमधून येणाऱ्या बायकांची जागा आत्ताच लिहून घ्यावी लागेल.

आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा गटाच्या कोषाध्यक्षबाईंनी वही काढली. गाडीचे भाडे गडहिंग्लजच्या माणसाला. बाकी सगळे शिरोड्यात: थाळ्या, शहाळी, अंघोळीच्या बादल्या, सुकट, सुके बांगडे, एका पोराकडून घेतलेली काजूची बोंडे. हिशेब मांडता मांडता त्यांच्याच लक्षात आले की पैसे बहुतेक बायकांच्या हातात गेले. मग अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे बैठकीच्या वहीत ठराव घालायचा म्हटले: शिरोडा ग्रामपंचायतीला आणि पर्यटन खात्याला पत्र लिहायचे. मजकूर लिहायचे काम माझ्याकडे आले. किनाऱ्यावर बायकांसाठी कपडे बदलायच्या खोल्या आणि शौचालये असावीत. कुठे पोहू नये त्याची रोज हलवता येणारी पाटी असावी, मराठीत आणि कन्नडमध्ये. रविवारी आणि सुट्टीला जीवरक्षक असावा. आक्का इतका वेळ गप्प होती. वाचून दाखवल्यावर म्हणाली, “त्यात आनि एक घाल. फुकाट नको म्हनावं. पैसं देऊ की आमी, पर पावती पायजे.”